बेसबॉलच्या नव्या नियमांवर वाद घालायचाय? क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

अमेरिकेत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेल्या मराठी माणसाला एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बेसबॉल टाळता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत, लोकलमध्ये, शेजाऱ्याच्या अंगणातल्या बार्बेक्यूला, सगळीकडे तोच विषय. आणि गेल्या काही वर्षांत लोक स्कोअरपेक्षाही जास्त तावातावाने बोलतात ते नियमांबद्दल. पिच क्लॉक बरं की वाईट, घोस्ट रनर ठेवावा की काढावा, यंत्राने स्ट्राइक ठरवावी का, गोल्डन ॲट-बॅट म्हणजे खेळाचा खून आहे का. नवख्या माणसाला यातलं निम्मं कळत नाही आणि उरलेलं निम्मं चुकीचं कळतं.

मी न्यू जर्सीत राहते. ऑफिसात न्यूयॉर्कच्या दोन संघांचे चाहते, अर्धे यांकीजचे, अर्धे मेट्सचे. हे वाद ऐकत, मग विचारत, मग घालत मी हा खेळ शिकले. ज्या क्रमाने शिकले असते तर सोपं गेलं असतं, त्या क्रमाने इथे मांडते आहे. माझी मतंही आहेत, ती मतं म्हणूनच सांगेन.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- ‘ऑफिशियल बेसबॉल रूल्स’ ही नियमपुस्तिका. मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे एमएलबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ज्या हंगामाबद्दल बोलायचं, त्याच हंगामाची आवृत्ती उतरवा. जुनी आवृत्ती घेऊन बसलात तर पहिल्याच वाक्याला पकडले जाल.
- एमएलबीचं ॲप. त्यातल्या ‘गेमडे’मध्ये प्रत्येक चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या मारण्याजोग्या जागेच्या, चौकटीत कुठे गेला ते दिसतं.
- आकड्यांसाठी ‘बेसबॉल रेफरन्स’, आणि चेंडूचा वेग, वळण वगैरेंसाठी ‘बेसबॉल सॅव्हंट’. दोन्ही फुकट.
- सामना बघायची सोय. इथे एक खाचखळगा आहे: एमएलबीच्या साध्या स्ट्रीमिंग पॅकेजमध्ये तुमच्या स्थानिक संघाचे सामने बहुधा अडवलेले असतात. पैसे भरण्याआधी आपला पिनकोड टाकून तपासा.
- कागदी स्कोअरकार्ड आणि पेन्सिल. हे जुनाट वाटेल, पण पाचव्या पायरीला त्याचा उपयोग कळेल.

भारतातून बघणार असाल तर न्यूयॉर्कमधला संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. सकाळच्या चहापर्यंत आटोपतो, हीदेखील नव्या नियमांचीच कृपा.

१. आधी पाया, तोही मोजकाच

सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन आउट झाले की बाजू बदलते. चेंडू टाकणारा तो पिचर. झोनमधून गेलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, झोनबाहेरचा न खेळलेला म्हणजे ‘बॉल’. तीन स्ट्राइक म्हणजे बॅटर आउट, चार ‘बॉल’ म्हणजे त्याला फुकटात पहिला बेस, याला वॉक म्हणतात. बेसवर पोहोचला की तो रनर. सगळे बेस फिरून घरी, म्हणजे जिथून निघाला त्या होम प्लेटवर, आला की एक धाव.

दोन गोष्टी क्रिकेटपेक्षा वेगळ्या आहेत आणि सगळे वाद शेवटी त्यांच्यापाशीच येऊन ठेपतात. पहिली, नऊ जणांचा बॅटिंगचा क्रम सामना सुरू होण्याआधी लिहून द्यावा लागतो आणि तो फिरत राहतो. परिस्थिती बघून आज याला वर पाठवू, असं करता येत नाही. दुसरी, एकदा खेळाडू बदलला की तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

यावरून मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. कोणताही नवा नियम आला की मी विचारते: हा नियम खेळाचा वेग किंवा जागा बदलतो, की कुणीतरी मेहनतीने कमवायची गोष्ट फुकट वाटतो? पहिल्या प्रकाराला माझी फारशी हरकत नसते. दुसऱ्या प्रकाराशी माझं भांडण आहे.

२. कोणता नियम कधी आला, हे पाठ करा

वादात निम्मे लोक इथेच घसरतात. ही यादी फ्रिजवर लावा:

- २०१७: हेतुपुरस्सर वॉक द्यायचा तर चार चेंडू टाकायची गरज नाही, मॅनेजरने, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने, नुसती खूण केली की पुरे.
- २०२०: जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता रनर, म्हणजेच घोस्ट रनर. आधी तात्पुरता, २०२३ पासून कायम. २०२० मध्येच, नवा पिचर आणला तर त्याने किमान तीन बॅटरना किंवा इनिंग संपेपर्यंत टाकलं पाहिजे, हा नियमही आला.
- २०२२: दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू. अमेरिकन लीगमध्ये तो १९७३ पासूनच होता, नॅशनल लीगने जवळजवळ पन्नास वर्षं नाही म्हटलं.
- २०२३: पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांचं घड्याळ), मोठे बेस, फिल्डिंगच्या शिफ्टवर बंधन.
- २०२६: स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागायची सोय.

फसगतीच्या जागा तीन. एक: काही नियम नियमित हंगामात असतात आणि पोस्टसीझनमध्ये, म्हणजे ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांमध्ये, नसतात. घोस्ट रनर त्यातलाच. पिच क्लॉक मात्र तिथेही चालतं. दोन: मायनर लीगमध्ये (एमएलबीच्या खालच्या पातळीच्या लीगमध्ये) किंवा अटलांटिक लीगमध्ये काही करून बघितलं की बातमी अशी येते जणू उद्यापासून सगळीकडे लागू. अटलांटिक लीग ही स्वतंत्र लीग आहे, २०१९ पासून एमएलबी तिथे प्रयोग करतं. तिथे पहिला बेस ‘चोरायची’, म्हणजे फटका नसतानाही पळत गाठायची, मुभा देऊन पाहिली, पिचर एक फूट मागे उभा करून पाहिला. दोन्ही एमएलबीपर्यंत पोहोचले नाहीत. तीन: फेब्रुवारी-मार्चमधल्या सराव सामन्यांतलं काहीही नियमित हंगामाचा पुरावा म्हणून देऊ नका.

३. पिच क्लॉक नीट समजून घ्या, कारण सुरुवात त्याच्यापासूनच होते

बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंद. कुणी बेसवर असेल तर २०२३ मध्ये २० सेकंद होते, २०२४ पासून १८. घड्याळ शून्यावर यायच्या आत पिचरने टाकायची हालचाल सुरू केली पाहिजे. बॅटरने आठ सेकंद उरलेले असताना जागेवर उभं राहून पिचरकडे बघत असलं पाहिजे. पिचर चुकला तर एक बॉल फुकट, बॅटर चुकला तर एक स्ट्राइक. बॅटरला एका पाळीत एकदाच टाइम मागता येतो.

याला जोडूनच एक नियम आहे जो नवखे विसरतात. रनर बेस सोडून पुढे सरकत असेल तर पिचर त्याला बाद करण्यासाठी बेसवर चेंडू फेकतो, त्याला पिकऑफ म्हणतात. आता एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच जागा सोडता येते. तिसऱ्यांदा सोडली आणि रनर बाद झाला नाही, तर रनरना एकेक बेस बहाल. हा उपनियम नसता तर पिचर दर वेळी उगाच पिकऑफ टाकून घड्याळ पुन्हा सुरू करत बसला असता.

हे घड्याळ किती निर्दय असू शकतं ते पहिल्याच आठवड्यात दिसलं. २५ फेब्रुवारी २०२३, फ्लोरिडात ब्रेव्हज विरुद्ध रेड सॉक्स, सराव सामना. ६-६ बरोबरी, नवव्या इनिंगचा शेवट, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल दोन स्ट्राइक. आणखी एक ‘बॉल’ पडला असता तर वॉकमुळे तिसऱ्या बेसवरचा रनर घरी येऊन ब्रेव्हज जिंकणार. अंपायरने हात हलवून खेळ थांबवला तेव्हा ब्रेव्हजचा कॅल कॉनली आपल्याला वॉक मिळाला असं समजून पहिल्या बेसकडे चालूही लागला. पण चूक त्याची निघाली होती, आठ सेकंदांच्या खुणेला तो तयार नव्हता. तिसरी स्ट्राइक, आउट, सामना बरोबरीत संपला. एकही चेंडू न पडता. देशभर हलकल्लोळ झाला. मग ३० मार्चला खरा हंगाम सुरू झाला त्याच दिवशी रेड सॉक्सचा राफाएल डेव्हर्स घड्याळामुळे स्ट्राइकआउट झालेला पहिला खेळाडू ठरला.

आता वादाच्या दोन बाजू.

बाजूने बोलणाऱ्यांकडे ठणठणीत आकडे आहेत. नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी २०२१ मध्ये ३ तास १० मिनिटं होती. २०२३ मध्ये ती २ तास ४० मिनिटांवर आली, २०२४ मध्ये २ तास ३६. नऊ इनिंग त्याच, सत्तावीस आउट तेच. गेला तो फक्त रिकामा वेळ, हातमोज्यांच्या पट्ट्या सोडून बांधण्याचा आणि पिचरने नुसतं उभं राहण्याचा. आणि घड्याळ ही काही परकी कल्पना नव्हे. बेस रिकामे असताना पिचरने १२ सेकंदांत टाकावं असा नियम पुस्तकात आधीपासून होता, तो कुणी पाळत नव्हतं.

विरोधकांचे मुद्देही ऐकण्यासारखे आहेत. बेसबॉल हा घड्याळ नसलेला खेळ, हीच त्याची शान, असं जुने लोक म्हणतात. नवव्या इनिंगमध्ये श्वास रोखून बघायचा क्षण घड्याळाने कापला, असंही म्हणतात. सगळ्यात गंभीर मुद्दा पिचरच्या दुखापतींचा. एप्रिल २०२४ मध्ये खेळाडू संघटनेचे तेव्हाचे प्रमुख टोनी क्लार्क यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं की दोन चेंडूंमधली विश्रांती कमी केल्याने खेळाडूंच्या आरोग्याला धोका आहे, आणि २० चे १८ सेकंद करण्याला खेळाडूंचा एकमुखी विरोध होता. एमएलबीने डिसेंबर २०२४ मध्ये दुखापतींवर अहवाल काढला, त्यात दोष दिला तो जास्तीत जास्त वेगाने आणि जास्तीत जास्त वळवून टाकण्याच्या हव्यासाला. घड्याळामुळे दुखापती वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, असं त्यात म्हटलं आहे. वादात दोन्ही बाजू सांगा. अहवाल काढणारे आणि घड्याळ आणणारे एकच आहेत, हेही सांगा.

माझं मत घड्याळाच्या बाजूने. सातला सुरू झालेला सामना पावणेदहाच्या सुमारास संपतो आणि शाळकरी पोरं शेवटचा आउट जागेपणी बघतात, ही फार मोठी गोष्ट आहे. घड्याळ कुणाला फुकट काही देत नाही.

४. मोठे बेस आणि शिफ्ट: आकडे बघितल्याशिवाय बोलू नका

पहिला, दुसरा आणि तिसरा बेस १५ इंचांवरून १८ इंचांचा चौरस झाला. होम प्लेट तशीच. त्यामुळे पहिला ते दुसरा हे अंतर साडेचार इंचांनी कमी झालं. मूळ कारण दिलं गेलं ते पायात पाय अडकून होणाऱ्या दुखापतींचं. पण पिकऑफवरचं बंधन आणि जवळ आलेला बेस एकत्र झाल्यावर चोरलेले बेस २०२२ मधल्या २,४८६ वरून २०२३ मध्ये ३,५०३ वर गेले.

इथे वाद रंगतो तो विक्रमांवरून. २०२३ मध्ये रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने ४१ होम रन (सीमेपार फटके) मारले आणि ७३ बेस चोरले. २०२४ मध्ये शोहेई ओहतानीने ५४ होम रन आणि ५९ बेस. जुन्या खेळाडूंशी तुलना करायची का? करा, पण नियम वेगळे होते एवढं वाक्य जोडून करा. बेसबॉलमध्ये हे नवं नाही. १९६८ मध्ये पिचर इतके वरचढ झाले होते (बॉब गिब्सन या पिचरची नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी त्या वर्षी १.१२ होती) की १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोन लहान केला. तेव्हाही खेळ बुडाला म्हणणारे होते.

शिफ्टचं सांगायचं तर, बॅटर नेहमी ज्या बाजूला मारतो तिकडे तीन-तीन इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचे फिल्डर, उभे करायची पद्धत बोकाळली होती. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन इनफिल्डर हवेत आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या मातीच्या बाहेरच्या कडेच्या आत. यामुळे बॅटिंग सुधारेल, असा गाजावाजा होता. लीगची बॅटिंग सरासरी (फटका मारून बेस गाठण्याचं प्रमाण) २०२२ मध्ये ०.२४३ होती, २०२३ मध्ये ०.२४८ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ०.२४३. ‘शिफ्ट काढल्याने बॅटिंग परत आली’ असं कुणी म्हणालं तर हे तीन आकडे पुढे ठेवा, पुढची दहा मिनिटं तुमची.

५. घोस्ट रनर: स्कोअरकार्ड काढा

नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर दहाव्यापासून प्रत्येक संघाची पाळी दुसऱ्या बेसवर एक रनर ठेवूनच सुरू होते. हा रनर म्हणजे त्या इनिंगच्या पहिल्या बॅटरच्या आधीचा क्रमातला खेळाडू. लोक याला घोस्ट रनर म्हणतात, रागावलेले लोक कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांच्या नावाने मॅनफ्रेड रनर म्हणतात.

बाजूने मुद्दा असा की नियमित हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात, जवळजवळ रोज एक. एका रात्री सतरा इनिंग झाल्या तर पुढचा आठवडाभर पिचर दमलेले. अनेक खेळाडूंना हा नियम हवा आहे, हे विसरू नका. दहाव्या-अकराव्या इनिंगमध्ये बहुतेक सामने निकाली निघतात.

विरोधात मुद्दा असा की दुसऱ्या बेसवर पोहोचण्यासाठी या माणसाने काहीच केलेलं नाही. आता ते स्कोअरकार्ड काढा. हा रनर घरी आला तर ती धाव पिचरच्या नावावर ‘अनअर्न्ड’ म्हणून लिहायची, असं नियमच सांगतो. म्हणजे ही धाव कुणी पिचरकडून कमावलेली नाही, हे खुद्द नोंदवहीला मान्य आहे. माझ्या कसोटीवर हा नियम तिथेच नापास होतो. मला विचाराल तर बाराव्या इनिंगपर्यंत खरा खेळ होऊ द्यावा आणि मग हवं तर रनर ठेवावा. असं म्हणणारे बरेच आहेत, तुम्हाला साथ मिळेल.

हा रनर नसला की काय होतं याचं उदाहरण ताजं आहे. २०२५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे एमएलबीची अंतिम मालिका, तिसरा सामना, डॉजर्स विरुद्ध ब्लू जेज. पोस्टसीझन असल्याने घोस्ट रनर नाही. अठरा इनिंग, ६ तास ३९ मिनिटं, आणि अठराव्या इनिंगमध्ये फ्रेडी फ्रीमनचा होम रन. लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्र होत आली होती, आमच्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचे डोळे लाल, आणि तक्रार एकाचीही नाही. अर्थात हे वर्षातून एकदा गोड लागतं, जूनमधल्या मंगळवारी लागणार नाही, असं समोरचा म्हणेल. त्याचं उत्तर तयार ठेवा.

६. यंत्र आणि अंपायर: इथे क्रिकेटचं ज्ञान कामी येतं आणि दगाही देतं

‘रोबो अंपायर आले’ हे वाक्य चूक आहे. २०२६ पासूनही प्रत्येक चेंडूचा निर्णय प्लेटमागचा माणूसच देतो. फक्त त्या निर्णयाला आव्हान देता येतं. आपल्याला हे लगेच कळतं, कारण डीआरएस आपण वर्षानुवर्षं बघतो आहोत. पण फरक नीट लक्षात घ्या:

- प्रत्येक संघाला सामन्याच्या सुरुवातीला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर आव्हान शिल्लक राहतं.
- आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) देऊ शकतो. टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटायचा, तोही लगेच. मॅनेजरला विचारायचं नाही, डगआउटमधून इशारा घ्यायचा नाही.
- अंपायर्स कॉल हा प्रकार नाही. चेंडू झोनला जरासा जरी घासला तरी स्ट्राइक.
- जादा इनिंगमध्ये आव्हानं संपलेली असतील तर त्या इनिंगपुरतं एक मिळतं.

सगळ्यात मोठी फसगत स्ट्राइक झोनची. पुस्तकातली व्याख्या बॅटरच्या शरीरावरून ठरते: वरची कड खांदा आणि कंबर यांच्या मधोमध, खालची गुडघ्याखाली. आणि झोन म्हणजे प्लेटवरची पूर्ण घनाकृती जागा. यंत्राचा झोन मात्र सपाट आहे, प्लेटच्या मधोमध उभा धरलेला, १७ इंच रुंद. वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सहा फुटी बॅटर असेल तर जमिनीपासून साधारण ४९ सेंटिमीटर ते ९८ सेंटिमीटर. तो वाकून उभा राहिला तरी झोन बदलत नाही. म्हणून पुस्तक हातात धरून यंत्राशी भांडू नका, दोघांची मोजपट्टी वेगळी आहे.

जुलै २०२५ मधल्या ऑल-स्टार सामन्यात ही पद्धत साऱ्या देशाने पाहिली. पहिलीच इनिंग. टारिक स्कूबलचा चेंडू मॅनी मचाडोला, दोन स्ट्राइक आधीच झालेल्या. अंपायर म्हणाला बॉल. कॅचर कॅल रॉलीने आव्हान दिलं, मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग उमटला, झोनच्या आत. मचाडो आउट. सगळं आटोपायला काही सेकंद लागले. त्याआधी वसंतातल्या सराव सामन्यांत निम्म्याहून थोडी जास्त आव्हानं यशस्वी ठरली होती. कॅचरचा अंदाज सगळ्यात चांगला होता, पिचरचा सगळ्यात कच्चा. ते साहजिक आहे, आपण टाकलेला प्रत्येक चेंडू पिचरला स्ट्राइकच वाटतो.

यातला खरा वाद फ्रेमिंगचा आहे. झोनच्या किंचित बाहेरचा चेंडू हातमोज्याच्या सफाईने आत ओढून अंपायरकडून स्ट्राइक मिळवणं ही कॅचरची कला, कित्येकांच्या नोकऱ्या त्यावर टिकल्या. काहींना ती फसवणूक वाटते, काहींना हस्तकौशल्य. मायनर लीगच्या ट्रिपल-ए या सर्वात वरच्या पातळीवर पूर्ण यंत्र आणि आव्हान अशा दोन्ही पद्धती करून पाहिल्या आणि खेळाडूंनी आव्हानाला कौल दिला, कारण त्यात ही कला पुरती मरत नाही. शिवाय एक नवं कौशल्य जन्माला आलं: दोनच आव्हानं, ती कधी खर्चायची. मला हा तोडगा आवडतो.

७. अजून न आलेल्या नियमांवर बोलताना जपून

इथे अफवा आणि प्रस्ताव यांची गल्लत होते. जी नावं कानावर पडतील ती ही.

चेक-स्विंग आव्हान: बॅटरने बॅट अर्धवट फिरवून थांबवली की ती स्ट्राइक धरायची की नाही, हे आज अंपायर नजरेने ठरवतो आणि नियमपुस्तकात नेमका कोन दिलेलाच नाही. हे यंत्राने मोजण्याचे प्रयोग मायनर लीगमध्ये झाले. माझ्या मते हा यायला हवा.

डबल हूक: सुरुवातीचा पिचर काढला की संघाचा डेझिग्नेटेड हिटरही जातो. हेतू असा की चांगल्या पिचरला लवकर काढू नये. अटलांटिक लीगमध्ये करून पाहिलेला आहे.

आणि गोल्डन ॲट-बॅट. २०२४ च्या अखेरीस मॅनफ्रेड यांनी एका पॉडकास्टमध्ये सांगितलं की संघमालकांत या कल्पनेची कुजबुज आहे. सामन्यात एकदा, क्रम मोडून, हवा तो बॅटर पाठवायचा. ओहतानी नुकताच खेळून गेला असला तरी पुन्हा ओहतानी. औपचारिक प्रस्ताव नव्हता, तरी लोक पेटून उठले.

बाजूने म्हणणारे विचारतात, बास्केटबॉलमध्ये शेवटचा शॉट सर्वोत्तम खेळाडू घेतो, मग बेसबॉलमध्येच शेवटी नवव्या क्रमांकाचा बॅटर का बघायचा?

याचं उत्तर माझ्याकडे एका सामन्यात आहे. २१ मार्च २०२३, मायामी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना. जपान ३, अमेरिका २. नववी इनिंग, पिचर ओहतानी. पहिल्या बॅटरला वॉक. मग मूकी बेट्सचा फटका सरळ फिल्डरकडे, एका चेंडूत दोन आउट. आणि क्रमाने आला माइक ट्राउट, ओहतानीचा तेव्हाचा एंजल्समधला सहकारी, त्या काळातला अमेरिकेचा सर्वोत्तम बॅटर. तीन बॉल, दोन स्ट्राइक, आणि मग बाहेर वळत गेलेला स्लायडर. ट्राउटची बॅट हवेत फिरली, जपान विश्वविजेता. ही गाठ कुणी मागवली नव्हती. सव्वीस आउट आणि नऊ जणांचा क्रम फिरत फिरत त्या दोघांना समोरासमोर घेऊन आला. हीच गाठ रोज रात्री मॅनेजरला हुकूम सोडून मिळवता आली, तर तिची किंमत काय राहील?

मराठी माणसाकडे इथे आणखी एक पुरावा आहे, तो बिनधास्त वापरा: आयपीएलमधला २०२३ पासूनचा इम्पॅक्ट प्लेअर. रोहित शर्माने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की त्याला हा नियम आवडत नाही, कारण त्यामुळे अष्टपैलू मागे पडतात. शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजीच मिळत नाही, हे उदाहरण त्याने दिलं. प्रेक्षकांना दोन जादा षटकार देण्यासाठी केलेला नियम संघाची बांधणी कशी बदलतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या ऑफिसातले बेसबॉलवाले हे उदाहरण ऐकून गप्प होतात आणि मग प्रश्न विचारायला लागतात.

८. नियम ठरवतं कोण, हे माहीत असू द्या

‘मॅनफ्रेडच्या मनात आलं आणि केलं’ हे अर्धसत्य आहे. २०२२ च्या करारानुसार अकरा जणांची संयुक्त समिती आहे: सहा जण संघांचे, चार खेळाडू, एक अंपायर. सहा विरुद्ध पाच हा हिशेब केलात की मालकांच्या मनात असेल ते होणारच, हे कळतं. सप्टेंबर २०२२ च्या मतदानात खेळाडूंच्या प्रतिनिधींनी पिच क्लॉक आणि शिफ्टबंदी या दोन्हींच्या विरोधात मत दिलं होतं, मोठ्या बेसना मात्र पाठिंबा दिला. दोन्ही नियम तरीही आले.

आणि खेळाचे नियम व पैशाचे नियम एकत्र कालवू नका. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चावर मर्यादा, हा मैदानावरचा नियम नाही. तो मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या कराराचा विषय आहे. चालू कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ला संपते. मागच्या वेळी करार संपला तेव्हा मालकांनी टाळेबंदी केली आणि ती ९९ दिवस चालली, १० मार्च २०२२ पर्यंत. त्यामुळे २०२६ च्या हिवाळ्यात बोलणी याच विषयावर जास्त होतील.

९. आता मैदानावर जा

टीव्हीवर घड्याळ कोपऱ्यात असतं, त्याचा परिणाम कळत नाही. मैदानात होम प्लेटमागे आणि आउटफिल्डच्या बाजूला घड्याळं असतात. पहिल्या बेसच्या बाजूची वरच्या मजल्यावरची स्वस्त जागा घ्या, तिथून इनफिल्डर कुठे उभे आहेत आणि रनर किती पुढे सरकतोय हे दोन्ही दिसतं. तिकीट फोनवरच्या ॲपमध्ये असतं, घरून निघण्याआधी उघडून ठेवा, फाटकापाशी इंटरनेट दगा देतं. पिशवीचे नियम प्रत्येक स्टेडियमचे वेगळे, आदल्या दिवशी वाचून घ्या.

पहिल्या तीन इनिंग फक्त घड्याळ बघा. चौथ्यापासून रनरकडे बघा: पिचरने दोनदा पिकऑफ टाकला की तिसऱ्या वेळी रनर किती धीट होतो, ते दिसेल. आणि शेजारी कुणी स्कोअरकार्ड भरत बसलेले आजोबा किंवा आजी दिसल्या, तर त्यांना विचारा, “व्हॉट डू यू थिंक ऑफ द रनर ऑन सेकंड?” पुढच्या इनिंगभर तुम्हाला बोलावं लागणार नाही, फक्त ऐका आणि टिपून घ्या.